श्वास पुरेना झालेल्या पेशंटची काळजी: कागदावरचा आराखडा आणि आपली भाषा

(सीमाभागातल्या नर्सिंगच्या आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडा आवरून घेतला आहे.)



मला बोलवायला आलेली पोरं म्हणाली, "आक्का, आरोग्य आणि मातृभाषा यावर बोला." विषय मोठा आहे आणि त्यावर सभेत बोलणारी माणसं माझ्यापेक्षा चांगली आहेत. मी वॉर्डातली बाई. माझं आयुष्य कॉट, चार्ट आणि ऑक्सिजनचा नळ यांच्यात गेलं. म्हणून मी आज एकच गोष्ट घेऊन आलेय. श्वास निकामी होत चाललेला पेशंट वॉर्डात आला की त्याची शुश्रूषा आम्ही कशी ठरवतो, कागदावर कशी मांडतो, आणि त्यात आपली भाषा कुठं कुठं येते.

इथं बसलेल्यांत बऱ्याच जणी जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग करताहेत. त्यांना हा विषय परीक्षेला आहे. बाकीच्यांच्या घरात दम लागणारी आजी, रात्रभर खोकणारा काका असणारच. तेव्हा दोघांच्याही कामाचं बोलते.

आधी आजार समजून घेऊ. फुफ्फुसाची कामं दोन. ऑक्सिजन रक्तात घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. यातलं एक किंवा दोन्ही जमेनासं झालं की त्याला रेस्पिरेटरी फेल्युअर म्हणतात. रोहिणीतलं, म्हणजे आर्टरीतलं रक्त काढून तपासतात, त्याला आपण एबीजी म्हणतो. त्यात ऑक्सिजनचा दाब ८० ते १०० असायला हवा. तो ६० च्या खाली गेला आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसला, तर तो टाइप वन. न्यूमोनिया, फुफ्फुसात पाणी साठणं, कोविड ही त्याची उदाहरणं. कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ असायला हवा. तो चढत जाऊन ५० च्या वर गेला आणि रक्त आम्लाकडे झुकलं, म्हणजे पीएच ७.३५ च्या खाली आला, तर तो टाइप टू.

टाइप टू आपल्या भागात कुठून येतो? वर्षानुवर्षं चुलीपुढं बसून धूर खाल्लेल्या बायका. विडी-सिगारेटीनं फुफ्फुस पोखरलेले पुरुष. फौंड्रीत, धुळीत काम केलेली माणसं. यांना सीओपीडी होतो. शिवाय शेतातले पेशंट वेगळे. कीटकनाशक पोटात गेलेला माणूस, किंवा नाग-मण्यार चावलेला माणूस. त्याचं फुफ्फुस चांगलं असतं, पण श्वास ओढणारे स्नायूच लुळे पडतात. मण्यार चावलेल्या पोराच्या पापण्या मिटायला लागल्या, आवाज नाकातून यायला लागला, की पुढची पायरी श्वासाची आहे हे ओळखायचं आणि वेळ घालवायचा नाही.

आता "केअर प्लॅन". कॉलेजात आपण तो वहीत लिहितो, रकाने पाडतो, लाल पेनानं रेघा मारतो आणि सही घेतो. बऱ्याच जणींना तो नुसता गृहपाठ वाटतो. पण वॉर्डात तो का लागतो? पेशंट चोवीस तास असतो आणि सिस्टर आठ तास. सकाळच्या सिस्टरला जे कळलं ते रात्रीच्या सिस्टरला कळलं पाहिजे. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. मधल्या वेळात पेशंटकडं कशासाठी बघायचं, किती वेळानं बघायचं आणि काय दिसलं की पळत जायचं, हे ठरलेलं हवं. तेच प्लॅनमध्ये असतं. पायऱ्या पाच: पाहणी, अडचण ठरवणं, उद्दिष्ट, काम आणि पडताळणी.

या पायऱ्या एका पेशंटवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. खानापूरच्या बाजूची साठीतली मावशी. जन्मभर चूल. दोन पावसाळ्यांत दोनदा दवाखाना झालेला. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॉटवर बसून दोन्ही हात गुडघ्यावर टेकलेले, पुढं वाकलेली, ओठ निळसर, गळ्याच्या शिरा आणि खांद्याचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणलेले. बरोबर मुलगा आणि सून.

पहिली पायरी, पाहणी. इथं यंत्राआधी डोळे लागतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, कारण अशा पेशंटचा श्वास एका लयीत नसतो. मोठ्या माणसाला मिनिटाला १२ ते २० श्वास. मावशीचे ३२. नाडी ११८. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८१ टक्के. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा फसवतो, म्हणून दुसरं बोट, नाहीतर कानाची पाळी बघायची. बंद खोलीत शेगडीच्या धुरात गुदमरलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर तर चांगला आकडा दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक त्याला कळत नाही.

मग बोलणं. एका दमात माणूस किती शब्द बोलतो हे मी नेहमी लिहिते. पूर्ण वाक्य बोलतो, चार शब्द बोलतो, की एकच शब्द? मावशी म्हणाली, "दम… लागायलाय… बाई." एका दमात एक शब्द. ही तपासणी फुकटात होते, पण ती होते पेशंटच्या भाषेत. ज्याला श्वास पुरत नाही त्याच्याकडून शिकलेली भाषा आधी सुटते. एरवी बाजारात कानडी, हिंदी सगळं बोलणारी बाई त्या वेळी घरातलंच बोलते.

आणि काय बोलते तेही नीट ऐकायचं. "दम लागायलाय" वेगळं, "छाती आवळल्यागत व्हायलंय" वेगळं, "जीव घाबरा व्हायलाय" वेगळं आणि "कफ सुटंना" वेगळं. पहिल्यात फुफ्फुस, दुसऱ्यात हृदय आहे का बघायचं, तिसऱ्यात भीती असेल किंवा ऑक्सिजन खरंच पडला असेल, चौथ्यात घशाशी अडकलेला बेडका. इंग्रजी फॉर्मवर चारींसाठी एकच शब्द लिहिला जातो, आणि मग चौघांना एकच उपाय होतो.

मावशीचा पहिला एबीजी आला. पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइड ६०, ऑक्सिजन ४६. टाइप टू.

दुसरी पायरी, अडचण ठरवणं. रोगाचं नाव डॉक्टर लिहितात. नर्स लिहिते ती पेशंटची अडचण. मावशीच्या कागदावर चार आल्या. एक, फुफ्फुसात वायूंची देवाणघेवाण नीट होत नाही. दोन, श्वासनलिका कफानं आणि आवळल्यानं मोकळी नाही. तीन, श्वासाचे कष्ट इतके की खाणं, पिणं, झोप काहीच होत नाही. चार, भीती. क्रम महत्त्वाचा. भीती चौथी लिहिली म्हणून हलकी नाही. घाबरलेला माणूस भरभर उथळ श्वास घेतो, हवा आत साठत जाते आणि पहिली अडचण आणखी वाढते.

तिसरी पायरी, उद्दिष्ट. "पेशंटला बरं वाटेल" असं लिहू नका. ते कधी आणि कसं मोजणार? मावशीचं लिहिलं ते असं: चार तासांत श्वास मिनिटाला २५ च्या खाली, ऑक्सिमीटर ८८ ते ९२, पेशंट जागी, विचारल्यावर स्वतःचं नाव, गाव आणि दिवस बरोबर सांगते.

८८ ते ९२ हा आकडा ऐकून नवीन मुली दचकतात. कोविडच्या वेळी, २०२१ मध्ये, आपण सगळ्यांनी घराघरात ऑक्सिमीटर आणले आणि ९४ च्या खाली गेला की पळायचं हे शिकलो. ते बरोबरच होतं. बहुतेक पेशंटना ९४ ते ९८ हेच लक्ष्य. पण सीओपीडीचा, कार्बन डायऑक्साइड साठवणारा पेशंट वेगळा. त्याला भरमसाट ऑक्सिजन दिला तर फुफ्फुसातलं रक्त बिघडलेल्या कोपऱ्यांकडे जास्त वळतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड सुटा होतो, श्वासाची ओढही थोडी मंदावते. कार्बन डायऑक्साइड चढतो आणि माणूस गुंगीत जातो. ऑक्सिमीटर तेव्हा ९८ दाखवत असतो आणि नातेवाईक खूश असतात, "झोप लागली बघा शांत." ती झोप नसते.

चौथी पायरी, काम. आधी बसवणं. ज्याला श्वास पुरत नाही त्याला आडवं करायचं नाही. कॉटची डोक्याची बाजू उंच, पाठीला उशी, पुढं टेबलावर आणखी एक उशी, त्यावर हात टेकून पुढं झुकायला द्यायचं. पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, खाली उतरायला जागा होते. मग ऑक्सिजन. अशा पेशंटला व्हेंचुरी मास्क बरा, कारण टक्केवारी ठरलेली मिळते. निळा म्हणजे २४ टक्के, दोन लिटरवर. पांढरा २८ टक्के, चार लिटरवर. मावशीला पांढरा लावला, आकडा ९० वर आला. नेब्युलायझर द्यायचा तर अशा पेशंटला साध्या हवेवर चालवायचा. हवेची सोय नसेल आणि ऑक्सिजनवर चालवावा लागला तर सहा मिनिटांत बंद, आणि नंतर परत आपला ठरलेला मास्क.

ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायला शिकवायचं. "नाकानं घ्या, आणि गरम चहावर फुंकर मारल्यागत सोडा." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन याला गणती नाही. चहाची फुंकर सगळ्यांना येते. तेच इंग्रजीतून सांगा, कोणी करत नाही.

बाकीची कामं एकत्र बांधायची. अंग पुसणं, चादर बदलणं, औषध हे सगळं दर अर्ध्या तासाला एकेक करून पेशंटला उठवत बसायचं नाही. एका वेळी दोन-तीन कामं, मग तासभर विसावा. जेवण थोडं थोडं, मऊ. पोट टम्म भरलं की पडदा वर ढकलला जातो. पाणी जाईल तितकं, म्हणजे बेडका पातळ होतो, पण हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरना विचारून मापात. तोंड कोरडं पडतं, दर काही तासांनी तोंड साफ करायचं. ही छोटी कामं वाटतात, पण पुढं यंत्राचा मास्क लागला तर यांच्यावरच तो टिकतो की नाही ते ठरतं.

आता दुपारचं सांगते. चार वाजता मावशीचा ऑक्सिमीटर ९१ होता. श्वास ३२ वरून २२ वर आलेला. कागदावर सगळं छान. शेजारची सिस्टर म्हणाली, "पेशंट आरामात बोलतेय." मावशी खरंच बोलत होती. शांतपणे सुनेला सांगत होती, "म्हशी सुटल्यात… बांध जा… अंधार पडायलाय." चारचं लख्ख ऊन होतं. मी सुनेला विचारलं, "म्हशी किती आहेत गे घरात?" सून म्हणाली, "म्हशी विकून धा वर्षं झाली, बाई."

मराठी न कळणाऱ्या माणसाला ते बाई गप्पा मारतेय असंच वाटलं असतं. त्यात दोष कुणाचा नाही. पण कार्बन डायऑक्साइड चढल्याची पहिली खूण हीच असते. बोलणं भरकटतं, दिवस-वेळ कळत नाही, डोकं दुखतं, पंजा पुढं धरायला सांगितला तर फडफडतो, मग डोळे मिटायला लागतात. श्वास कमी झाला तो बरं वाटून नव्हे, दमून. आणि ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. डॉक्टरना बोलावलं, एबीजी परत पाठवला. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६८. लगेच बायपॅप लावायचं ठरलं.

बायपॅप म्हणजे नाका-तोंडावर घट्ट मास्क बसवून हवेच्या दाबानं श्वासाला आधार देणारं यंत्र. घशात नळी घालावी लागत नाही. वेळेवर लावलं तर सीओपीडीच्या पुष्कळ पेशंटची नळी टळते. पण ते पेशंटनं सहन केलं तरच. तोंडावर वारा जोरात आदळतो, घुसमटल्यासारखं वाटतं, आणि पेशंट मास्क ओढून काढतो. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं नर्स तिथून हलत नाही. मी पट्टे न बांधता मास्क आधी हातानं धरला. "मावशी, वारा येईल, घाबरायचं नाही. तो आत ढकलंल, तुम्ही निवांत सोडा. काढावासा वाटला तर हात वर करा, मी काढते." काढता येतो हे कळलं की पेशंट तो काढत नाही. मग पट्टे, दोन बोटं जातील इतके सैल. नाकाच्या हाडावर आधीच मऊ पट्टी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं जखम. उलटी येतेय असं वाटलं तर मास्क लगेच काढायचा, हे सुनेलाही शिकवलं.

तासाभरानं एबीजी. पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइड ६१. म्हणजे दिशा बरोबर. हीच पाचवी पायरी, पडताळणी. उद्दिष्ट गाठलं का? अर्धं. मग प्लॅन चालू ठेवा, चार तासांनी परत बघा. नसतं गाठलं तर प्लॅन बदलायचा, तारीख आणि वेळ टाकून.

प्लॅनमध्ये मी नातेवाइकांसाठी एक ओळ घातलीच होती. ऑक्सिजनच्या नळाला मराठीत चिठ्ठी बांधली: "आकडा ८८ ते ९२ असू दे. नळ फिरवू नका. ८८ च्या खाली गेला किंवा मावशी जागी होईनात तर सिस्टरना हाक मारा." रात्री दोन वाजता आकडा ८९ बघून मुलगा घाबरला. शेजारच्या कॉटवरचे पाहुणे सांगत होते, "फुल्ल सोड की गा." त्यानं नळाला हात घातला, चिठ्ठी वाचली आणि हाक मारली. सकाळी पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५४. मावशीनं चहा मागितला, आणि आज कोणता वार ते स्वतःहून सांगितलं.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. मी आधी एका दवाखान्यात होते. नाव घेत नाही, कारण हे कुठंही घडू शकतं. तिथं एक म्हातारे शेतकरी बायपॅपवर होते. सारखा मास्क ओढायचे. चार्टवर लिहिलं गेलं, असहकार्य करतो. मग दोन्ही हात कॉटला बांधले. ते एकच शब्द म्हणत होते, "कवळी, कवळी." ड्यूटीवरची सिस्टर लांबच्या जिल्ह्यातली, नुकतीच आलेली, एकटीवर वॉर्डभर पेशंट. तिला तो शब्द माहीत नव्हता. पहाटे फरशी पुसायला आलेल्या मावशींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "दातांची कवळी हाय हो तोंडात, ती घशाकडं सरकायलीय." कवळी काढली, हात सोडले, आजोबांनी मास्क ठेवून घेतला. सिस्टर रडली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण म्हाताऱ्याच्या मनगटावर पट्ट्याचे वळ उठले होते, आणि रात्रभर तो आपला जीव वाचवायला बघत होता, आणि आपण त्याला हट्टी म्हणत होतो.

तिथं कमी काय होतं? यंत्र होतं, औषध होतं, सिस्टर प्रामाणिक होती. पाहणीच्या कागदावर दोन ओळी नव्हत्या. "भाषा: मराठी. कवळी: आहे." तेव्हापासून मी ज्या वॉर्डात गेले तिथं या दोन ओळी पहिल्या पानावर लिहिते. आणि "असहकार्य" हा शब्द लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारते. याला दुखतंय का? लघवी तुंबलीय का? हा काय म्हणतोय ते मला कळलंय का?

संमतीचंही तसंच. बायपॅपनं भागलं नाही, पेशंट गुंगीत गेला, पीएच आणखी घसरला, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा का हा प्रश्न येतो. तो निर्णय नातेवाइकांना रात्री एक वाजता बाकड्यावर घ्यायला लागतो. समोर फॉर्म येतो, तो त्यांना वाचता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलंय की आजार, उपचार आणि त्यातले धोके पेशंटला त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितले पाहिजेत. बेळगावातल्या मराठी पेशंटला हे लागू आहे, तसंच कोल्हापुरात दाखल झालेल्या कानडी पेशंटलाही. हक्क म्हणून भांडण करत बसा असं मी सांगत नाही. सही करण्याआधी एवढंच म्हणा, "हे मला माझ्या भाषेत सांगा, मग मी सही करतो." कोणताही शहाणा डॉक्टर यावर रागावत नाही. सांगणारा माणूस तोच शोधून आणतो.

आता आपल्या भागाचा एक खास विषय. पेशंट हलवणं. आपले पेशंट कोल्हापूरला, मिरजेला, बांबोळीला जातात. बेळगावहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, रस्ता मोकळा असला तरी दोन तास. पावसात चोर्ला घाट असेल तर सांगता येत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये लहान, म्हणजे बी टाइप सिलिंडर असेल तर तो भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन देतो. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो दीडशे मिनिटं पुरतो. १५ लिटर लागत असेल तर शंभरच मिनिटं. म्हणजे वाटेतच संपणार. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा. म्हणून निघण्याआधी हिशेब करायचा: मिनिटाला किती लिटर, गुणिले प्रवासाची मिनिटं, गुणिले दोन. दोन तासांना १० लिटरनं १२०० लिटर, दुप्पट धरून २४००. म्हणजे दोन भरलेले सिलिंडर. हा गुणाकार इथं बसलेल्या प्रत्येकाला येतो. ॲम्ब्युलन्स ठरवताना भाडं विचारता, तसा हा प्रश्नही विचारा. बरोबर एबीजीचा शेवटचा कागद, चालू औषधं आणि ऑक्सिजनचं ठरलेलं लक्ष्य लिहून न्या. नाहीतर तिकडचा माणूस सगळं पहिल्यापासून सुरू करतो आणि चुकून पूर्ण नळ सोडतो.

घरी सोडणं हासुद्धा प्लॅनचा भाग, आणि तो दाखल झाल्याच्या दिवशीच सुरू होतो. मावशीला इनहेलर दिला तेव्हा मी तिलाच करून दाखवायला लावला. ती हवा बाहेर सोडताना दाबत होती, म्हणजे औषध सगळं खोलीत. स्पेसर दिला, चार वेळा करून घेतला, सुनेकडूनही. चूल बंद करणं लगेच जमत नसेल तर निदान मावशीनं चुलीपुढं बसायचं नाही, भाकरी दुसऱ्यानं करायची, दार-खिडकी उघडी. घरातल्या पुरुषांची विडी अंगणात नव्हे, बंदच. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस डॉक्टरना विचारून. घरी ऑक्सिजन लागणार असेल तर तो दिवसातून पंधरा तास तरी घ्यायचा असतो, दम लागला तेवढ्यापुरता नव्हे, आणि त्या खोलीत देवाचा दिवासुद्धा नको. हे देवाचं सांगताना आवाज मऊ ठेवायचा. दिवा बाहेरच्या खोलीत लावा म्हटलं की बायका ऐकतात.

आणि परत कधी यायचं ते तीन ओळींत, मराठीत, मोठ्या अक्षरात: बेडक्याचा रंग बदलला, बसल्या जागी दम लागला, दिवसा झोप येतेय किंवा बोलणं भरकटलं. तिसरी ओळ घरच्यांनाच कळू शकते. आम्हाला नाही.

शेवटी तुमच्याकडं मागणं. एक, ज्यांना जमेल त्यांनी या पेशात या. मुलग्यांनीसुद्धा. जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी चार. शिकायचं इंग्रजीत, वॉर्डात बोलायचं तीन भाषांत.

दोन, कानडी नीट शिका. मी शिकले. उसिरु म्हणजे श्वास, नोवु म्हणजे दुखणं, नीरु म्हणजे पाणी. कानडी आजीला "उसिरु" विचारलं की तिच्या चेहऱ्यावर तेच येतं जे आपल्या आजीच्या चेहऱ्यावर "दम लागायलाय का" ऐकून येतं. जे आपण आपल्या माणसासाठी मागतो ते दुसऱ्याच्या माणसाला द्यायलाही आलं पाहिजे.

तीन, एक काम दोघातिघांनी मिळून करा. वीस-पंचवीस शब्दांचा एक कागद बनवा. दम, धाप, घुसमट, बेडका, कळ, आवळणं, गरगरणं, लघवी, कवळी, तहान. एका बाजूला मराठी, मध्ये कानडी, पलीकडं इंग्रजी. पेशंटला बोटानं दाखवता यावं म्हणून शेजारी चित्र. जवळच्या दवाखान्यातल्या मेट्रन मॅडमना भेटा, नमस्कार करा, "वॉर्डात लावाल का?" विचारा. निवेदन, शिष्टमंडळ काही नको. मी लावून घेतलेत, कुणी नाही म्हटलेलं नाही. नवीन सिस्टरला तर तो सोन्यासारखा वाटतो.

आणि घरी गेल्यावर आज एवढं करा. घरातल्या थोरल्या माणसाशेजारी बसा आणि त्याला न सांगता एक पूर्ण मिनिट त्याचा श्वास मोजा. किती भरला ते कुठंतरी लिहून ठेवा. उद्या त्याला दम लागला तर नेहमीचा आकडा काय होता, हे सांगणारा एक माणूस दवाखान्यात असेल. आम्हाला त्याची फार मदत होते.

कुणाला काही विचारायचं असेल तर मी थांबलेय.